हळदीतला ‘सीरियस’: परत आलेल्या एका मालाचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात हळद पिकवणाऱ्या एका शेतकरी गटातल्या तात्यांचा फोन आला. “सर, आमची हळद सीरियस निघालीया.”

क्षणभर मला काही कळेना. मग त्यांनी अहवालाचा फोटो पाठवला आणि उलगडा झाला. ओलावा, कुर्कुमिन, शिसं, साल्मोनेला, सगळे रकाने ठीक होते. एका ओळीखाली मात्र लाल रेघ होती: ‘प्रिझम्प्टिव्ह बॅसिलस सीरियस’. पुढचा आकडा खरेदीदाराने ठरवलेल्या मर्यादेच्या बराच वर. मुंबईच्या त्या खरेदीदाराने अख्खा माल परत पाठवला होता, भाड्यासकट.

गावात ज्याने अहवाल वाचला त्याने ‘सीरियस’ एवढंच उचललं. त्या नावाचा गंभीरपणाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ मेणासारखा. प्रयोगशाळेतल्या प्लेटवर या जिवाणूच्या वसाहती, म्हणजे वाढून झालेले ठिपके, मेणचट दिसतात म्हणून ते नाव. १८८७ साली फ्रँकलंड दांपत्याने तो पहिल्यांदा वेगळा केला, तोही गोठ्यातल्या हवेतून. वारणाकाठच्या गावात तो सापडला नसता तरच नवल. अहवालातला खरा महत्त्वाचा शब्द ‘प्रिझम्प्टिव्ह’ हा होता, आणि तो कुणीच वाचला नव्हता. त्याचा अर्थ ‘तसा दिसतोय’. तसा आहे, असं अहवाल म्हणतच नव्हता.

तात्यांचा गट बारा घरांचा. राजापुरी आणि सेलम लावतात, जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, ड्रममध्ये वाफेवर शिजवून खळ्यावर वाळवतात. पूर्वी हळकुंडं पॉलिश करून थेट सांगलीच्या सौद्याला जायची. तीन वर्षांपासून ही मंडळी पावडर स्वतः दळून पुड्या भरतात. माल परत आला आणि गटाची दोन टोकं झाली.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. तात्यांनी खोडकिड्यासाठी बीटी नावाच्या अळीमारक जिवाणूचं जैविक औषध फवारलं, त्या पाकिटावरच ‘बॅसिलस’ लिहिलंय, अहवालातही ‘बॅसिलस’ आहे, मग आणखी पुरावा कशाला? तात्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट. “आवं, ती बीटी म्हंजे आपल्याच कामाची. अळीला मारती, माणसाला कायबी करत न्हाई. तीच मोजली आसंल त्यांनी.” दोघांचाही निष्कर्ष एकच होता, की पावडरीतला जिवाणू पाकिटातलाच. एकाला त्यामुळे तात्या गुन्हेगार वाटत होते, दुसऱ्याला त्यामुळे माल निर्दोष वाटत होता. त्यात गटातल्या एका पोराने मोबाइलवर वाचलं की हा जिवाणू अँथ्रॅक्सचा, म्हणजे जनावरांच्या फाशी रोगाचा, सख्खा भाऊ. संध्याकाळपर्यंत गावात ‘हळदीत फाशी’ अशी बातमी फिरली आणि दोन घरांनी आपल्याच पावडरीचा डबा परसात रिकामा केला.

आम्ही सांगलीत अन्न सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, एक छोटी प्रयोगशाळाही चालवतो. तिथे जे करता आलं ते केलं, उरलेलं पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून करून घेतलं.

पहिला प्रयोग सर्वांत स्वस्त होता आणि सगळ्यात उपयोगी तोच ठरला. गटाच्या शेडमध्ये गेलो तर दळणयंत्रापासून चार हातांवर, कडाप्प्याच्या फळीवर, बीटीचं अर्धं वापरलेलं पाकीट तोंड दुमडून ठेवलेलं. चिमूटभर पावडर बाटलीत घेतली. अन्न तपासायला ज्या माध्यमाची प्लेट वापरतात, म्हणजे अंड्याचा बलक, मॅनिटॉल आणि पॉलिमिक्सिन घातलेली, त्याच प्लेटवर एका बाजूला तात्यांची हळद आणि दुसऱ्या बाजूला पाकिटातलं औषध लावलं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे तशाच गुलाबी वसाहती, भोवती तसंच पांढुरकं वलय. म्हणजे सरकारी नोंदणी असलेलं, सेंद्रिय शेतीत चालणारं औषधही त्या अहवालाच्या कसोटीवर ‘सीरियस’च निघालं असतं.

यात प्रयोगशाळेची चूक नाही. आयएसओ ७९३२ ही तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत आहेच तशी. ती सीरियस आणि बीटी यांच्यात फरक करत नाही, आणि म्हणूनच ‘प्रिझम्प्टिव्ह’ हा शब्द प्रामाणिकपणे छापते. फरक कुठे आहे ते पाहायचं तर जिवाणूच्या आत जावं लागतं.

सीरियस, बीटी म्हणजे थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅक्सचा अँथ्रासिस, या तिघांच्या मूळ गुणसूत्रावर सव्वापाच दशलक्षांच्या आसपास अक्षरं आहेत आणि ५०००च्या वर जनुकं. त्यांची इतकी जुळणी होते की २००० साली नॉर्वेच्या संशोधकांनी हे तिघं मुळात एकच प्रजाती आहेत असं पुराव्यानिशी मांडलं. मग एक अळी मारतो, एक जनावर मारतो आणि एक शिळ्या भातातून माणसाला उलट्या करवतो, ते कशामुळे? बराचसा फरक गुणसूत्रावर नाहीच. तो प्लाझ्मिडवर आहे. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी, स्वतंत्र वर्तुळं. तात्यांना मी ‘खांद्यावरचं गाठोडं’ असं सांगितलं, आणि नंतर सगळ्या बैठकांत तोच शब्द चालला. माणूस तोच, गाठोडं बदललं की धंदा बदलतो.

बीटीच्या गाठोड्यात क्राय नावाची जनुकं असतात. जिवाणू बीजाणू, म्हणजे कठीण कवचातलं आपलं झोपलेलं रूप, बनवतो तेव्हा त्याच्या शेजारी या जनुकांमुळे प्रथिनाचा एक स्फटिक तयार होतो. अळीच्या आतड्यात चांगलीच अल्कधर्मी स्थिती असते. तिथे स्फटिक विरघळतो, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटतो आणि भोकं पाडतो. आपलं जठर आम्लधर्मी आणि ते ग्राहक आपल्याकडे नाहीत. कापसाच्या बीटी वाणात घातलेलं जनुक याच घराण्यातलं. २००२ साली आपल्याकडे परवानगी मिळालेल्या वाणात क्राय-१-एसी होतं. गावात ‘बीटी’ म्हटलं की अजूनही आधी कापूसच आठवतो. फवारणीच्या पाकिटात मात्र आख्खा जिवाणू असतो, बीजाणूंसकट.

इथे एक गोष्ट तात्यांना मुद्दाम सांगितली, कारण ते ‘चांगली जात’ हा शब्द फार वापरत होते. हा जिवाणू पहिल्यांदा सापडला १९०१ मध्ये, जपानमध्ये, इशिवाता यांना, आणि तो सापडला रेशीमकिड्यांचा रोग म्हणून. दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला. थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. तुती लावून रेशीम काढणाऱ्याच्या दारात हेच पाकीट नेलं तर तो काय म्हणेल? जनुक तेच. चांगलं-वाईट ठरतं ते अळी कोणाची यावर.

अँथ्रासिसची दोन गाठोडी असतात. पीएक्सओ-१ वर विषाची तीन जनुकं, पीएक्सओ-२ वर जिवाणूला संरक्षक कवच देणारी. दोन्ही असली तर लक्षणं दिसल्यापासून काही तासांतही जनावर कोसळू शकतं. एक काढून घेतलं की तोच जिवाणू लस होतो. दक्षिण आफ्रिकेत स्टर्न यांनी १९३०च्या दशकात कवचाचं प्लाझ्मिड गमावलेला प्रकार शोधला, आणि फाशीची लागण होणाऱ्या भागात आजही जनावरांना जी लस टोचतात ती त्याच प्रकारच्या जिवंत बीजाणूंची. हे सांगितल्यावर बैठकीतला तो मोबाइलवाला पोरगा पहिल्यांदा गप्प झाला. ‘अँथ्रॅक्सचा भाऊ’ हे त्याचं वाक्य खोटं नव्हतं. भावाच्या खांद्यावर काय आहे ते त्याने विचारलं नव्हतं, एवढंच. (अपवाद आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या एका वेल्डरला अँथ्रॅक्ससारखा आजार झाला. जिवाणू निघाला सीरियस, पण त्याच्याजवळ पीएक्सओ-१ ची जवळपास हुबेहूब प्रत होती. अशी गाठोडी हातोहात फिरू शकतात. हे मी बैठकीत सांगितलं नाही. आधीच डबे परसात रिकामे झाले होते.)

आता खुद्द सीरियस. त्याच्याकडून दोन वेगळ्या तऱ्हेचा त्रास होतो. पहिली तऱ्हा उलट्यांची, खाल्ल्यावर तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत. त्याला कारण सेरेउलाइड नावाचं विष. ते बनवणाऱ्या सीईएस जनुकांचा संच पुन्हा एका मोठ्या प्लाझ्मिडवर असतो, आणि तो फार थोड्या सीरियसांकडे असतो. हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटं ठेवलं तरी टिकतं. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या चिनी हॉटेलांत परतलेल्या भातातून उलट्यांच्या घटना झाल्या: सकाळी भात शिजवून बाहेर ठेवायचा, रात्री कढईत परतायचा. म्हणजे आपला फोडणीचा भातच. फोडणीने जिवाणू मरतो, विष राहतं. कुकरच्या शिट्ट्यांनीही जात नाही. दुसरी तऱ्हा जुलाबांची, आठ ते सोळा तासांनी. तिची जनुकं, एनएचई आणि एचबीएल, गुणसूत्रावरच असतात. यातलं एनएचई जवळजवळ प्रत्येक सीरियसकडे असतं, आणि बीटीकडेही असतं.

तात्यांच्या भूमिकेला धक्का बसला तो याच ठिकाणी. पावडरीतल्या बारा वसाहती आणि पाकिटातल्या दोन पुण्याला पाठवल्या होत्या. त्याआधी आमच्याच सूक्ष्मदर्शकाखाली, बीजाणू तयार होईपर्यंत चार दिवस थांबून, बारापैकी तीन वसाहतींत बीजाणूच्या शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराचा स्फटिक दिसला होता. तात्या खूश झाले होते. पुण्याच्या पीसीआर, म्हणजे जनुकं शोधणाऱ्या चाचणीच्या, अहवालात त्या तिन्हींत क्राय जनुकं सापडली आणि सीईएस एकाही वसाहतीत नव्हतं. ही दोन्ही चांगली बातमी. पण एनएचई सगळ्या चौदात होतं आणि एचबीएल बहुतेकांत. पाकिटातल्या दोन्हींत, दोन्ही.

“म्हंजे माझ्या औषधातबी जुलाबाचं जनुक हाय?” तात्यांनी विचारलं. आहे. जैविक औषधात वापरल्या जाणाऱ्या बीटीच्या प्रकारांत ही जनुकं असतात, हे जगभर माहीत आहे. मग इतकी वर्षं फवारून लोक आजारी का पडले नाहीत? जनुक असणं आणि ते पुरेसं चालणं यात फरक आहे. ही विषजनुकं पीएलसीआर नावाच्या एका मुख्य बटणाखाली चालतात, आणि ते बटण किती जोरात दाबलं जाईल हे प्रकारागणिक आणि परिस्थितीगणिक वेगळं. अँथ्रासिसमध्ये तर याच जनुकात एका अक्षराचा बदल होऊन बटण कायमचं तुटलंय. त्याच्याकडे सीरियसची विषजनुकं असूनही ती जवळपास मुकी आहेत. शिवाय संख्या लागते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये जे मांडलं त्यानुसार बहुतेक विषबाधांत एका ग्रॅममध्ये एक लाखाहून जास्त जिवाणू होते, आणि अन्नात बीटी मिळाला तर तो विषबाधेत सामील होता की नव्हता हे नेहमीच्या तपासणीतून सांगता येत नाही. त्यामुळे ‘बीटी आहे म्हणून मोजू नका’ हा तात्यांचा युक्तिवाद मी खरेदीदाराला कळवला नाही. तो टिकला नसता, आणि माझ्या मते टिकायलाही नको होता.

आप्पांचा युक्तिवादही कोसळला, जरा उशिरा. स्फटिक नसलेल्या नऊ वसाहती म्हणजे गाठोडं टाकून दिलेले बीटीच असतील, अशी शंका त्यांच्या पुतण्याने काढली. शंका रास्त होती. बीटीने क्रायचं प्लाझ्मिड गमावलं तर सूक्ष्मदर्शकाखाली तो सीरियसच दिसतो. म्हणून पुण्याला पॅन-सी नावाच्या गुणसूत्रावरच्या जनुकाचा क्रम काढायला सांगितला. या घराण्याचे सात गट त्यावरून ओळखतात. पाकिटातले दोन्ही चौथ्या गटातले. नऊपैकी सात दुसऱ्याच गटांतले, तेही एकमेकांपेक्षा वेगळे. म्हणजे ते पाकिटातून आलेले नव्हते आणि एकाच जागेवरूनही आलेले नव्हते. असा सरमिसळ घोळका मातीतूनच येतो. उरलेल्या दोघांबद्दल आणि त्या तीन स्फटिकवाल्यांबद्दल मी ठामपणे काही म्हणालो नाही. ते पाकिटातले असू शकतात, शेतातले जुने रहिवासीही असू शकतात. बीटी मातीत आधीपासून असतोच.

पण मातीतले बीजाणू सगळ्यांच्याच हळदीत असतात. आकडा एवढा कशाने चढला? हे शोधताना जनुकं बाजूला ठेवून वही उघडावी लागली. गटाच्या वहीत प्रत्येक घराच्या हळदीची शिजवल्याची तारीख होती. गोदामात पॉलिश न केलेली थोडी हळकुंडं घरवार शिल्लक होती. ती वेगवेगळी तपासली. फेब्रुवारीत वाळलेली जवळपास स्वच्छ. मार्चच्या अवकाळीत सापडलेल्या दोन घरांची हळद मात्र भरलेली. एक घर आप्पांचं, दुसरं तात्यांच्या धाकट्या भावाचं.

दोघांनी एकच केलं होतं. हळद शिजून ड्रममधून निघाली, आभाळ भरून आलं, मग ती गरम-ओली असतानाच ढीग करून वर ताडपत्री टाकली. दोन रात्री. मी दुसरं काय सुचवलं असतं ते सांगता येणार नाही. पाऊस अंगावर आल्यावर कुणीही हेच करेल. पण जिवाणूच्या बाजूने पाहा. वाफेने बाकीचे सगळे जंतू मेले, स्पर्धा संपली. बीजाणू शंभर अंशांना सगळे मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने त्यांची झोप मोडते. भोवती शिजलेला स्टार्च, ओल, ताडपत्रीखालची ऊब. दोन रात्री पुष्कळ झाल्या. मग वाळताना तेच परत बीजाणू होऊन बसले आणि दळणात बाराही घरांच्या पावडरीत पसरले.

“हळद तर जंतुनाशक असती की,” वहिनी म्हणाल्या. गटाचा हिशोब त्याच ठेवतात. प्रश्न अगदी वाजवी. हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि झोपलेल्या बीजाणूला बाहेरचं काही पोचत नाही. जखमेवर हळद लावणं आणि हळदीत बीजाणू टिकणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

परत आलेल्या मालाचं काय करायचं, यावर तीन बैठका गेल्या. नवी मुंबईत वाशीला मसाल्यांवर विकिरण करणारं सरकारी केंद्र आहे, गॅमा किरणांनी बीजाणूही मरतात. पण तशा मालावर विकिरणाचं हिरवं चिन्ह छापावं लागतं आणि त्या खरेदीदाराला ते नको होतं. अखेर विकिरण करून तो माल दुसरीकडे, कमी भावाने गेला. नुकसान बाराही घरांनी वाटून घेतलं. यावर आप्पा पहिल्यांदा तात्यांच्या बाजूने बोलले, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

पुढच्या हंगामासाठी ठरलं ते साधं होतं. हवामानाचा अंदाज बघून लहान लॉट शिजवायचे, शिजलेली हळद ढीग न करता सिमेंटच्या खळ्यावर एका थरात पसरायची, पाऊस आलाच तर छपराखाली जाळीच्या मांडवावर हलवायची. शिजवण्याआधी कंद दोनदा धुवायचे. प्रत्येक घराचा नमुना दळणाआधी वेगळा तपासायचा. बीटी चालू ठेवायचं, पण पाकीट शेडमधून हलवायचं. हा शेवटचा मुद्दा वहीत कसा लिहायचा यावरही वाद झाला. आप्पांना ‘जैविक औषध धोक्याचं’ असं वाक्य हवं होतं, तात्यांना ‘औषध निर्दोष’ असं. वहिनींनी ‘पाकीट फवारणीच्या खोलीत, कुलपात’ एवढंच लिहिलं.

एक गोष्ट त्या बैठकांत बोलायची राहून गेली, ती इथे लिहितो. जपानमध्ये टोयोई नावाचा, याच घराण्यातला एक प्रकार पशुखाद्यात प्रोबायोटिक म्हणून वर्षानुवर्षं विकला गेला. युरोपने त्याची जनुकं तपासली तेव्हा विषजनुकं आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली, आणि २०१५ मध्ये तिथली परवानगी नाकारली गेली. आता आपल्या दुकानांतही ‘बॅसिलस’ असलेली कल्चरं, खतं, कोंबडीखाद्यं ढिगाने मिळतात. पाकिटावर प्रजातीचं नाव असतं. कुठला प्रकार, त्याच्याजवळ कोणती जनुकं, हे मला आजवर क्वचितच छापलेलं दिसलंय. मी विद्यार्थ्यांना दुकानात जाऊन हेच विचारायला लावतो. दुकानदार बहुतेक वेळा एक्सपायरी डेट दाखवतो.

यंदाच्या मार्चमध्येही अवकाळी आला. मे महिन्यात तात्या नव्या अहवालाचा कागद घेऊन स्वतः सांगलीला आले. त्या रकान्याचं नाव अजून ‘प्रिझम्प्टिव्ह बॅसिलस सीरियस’ असंच आहे, आकडा मर्यादेच्या आत. बरोबर एक छोटी पुडीही होती. म्हणाले, “हितं ल्हान प्लेटवर लावा की सर. त्यो चौकोनी खडा दिसतोय का बघू.”

चार दिवसांनी आठ वसाहती पाहिल्या. एकीत दिसला. फोन करून सांगितलं तर पलीकडून लगेच प्रश्न आला, तो शेतातला की पाकिटातला? पाकीट तर वर्षभर कुलपात होतं.